त्याचं शेवटचं पत्र

मंगळवार, संध्याकाळ

फौजेवरचं माझं पुस्तक आज उरकायचंच होतं. तेवढ्यात डोळखांबवरनं सखूवहिनी आली. लढाईत मेलेल्या माझ्या फौजेतल्या दोस्ताची, कान्हूची बायको. पिशवीतनं पत्र काढलं. "भावजी, त्यांचं शेवटचं. पुस्तकात छापा."

कान्हूला लिवता येत नव्हतं. तो सांगायचा, मी लिवायचो. पन हे पत्र मी तो गेल्यावर लिवलं. खरं कळवायची हिंमत नाय झाली. 'मी बरा हाय' लिवलं. का लिवलं मी?

वहिनी म्हनली, "अक्षर तुमचं, बोल त्यांचा. ह्या पत्रात पोरीला शिकव म्हनले, म्हनून शिकवली. मास्तरीन झाली ना!"

तो बोल पन माझाच. पुस्तकात खरं छापलं तर पयली ती पोरगीच वाचनार. बापाचा एवढाच शब्द तिच्यापाशी हाय, तो पन मीच काढून घेऊ?