खाली आलात असं धरतो

सुरक्षा अधिकारी साहेब,

हे पत्र खाली न्यायला इथे कोणी उरलं नाही, तरी लिहिते.

आगीच्या प्रत्येक सरावाला तुम्ही म्हणायचात, "ताई, व्हीलचेअर जिन्यावरून कोण उतरवणार? बसा निवांत, तुम्ही खाली आलात असं धरतो." मग मी खिडकीतून हात हलवायचे, तुम्हीही हलवायचात.

आज भोंगा वाजला. सगळे सराव समजून हसतखिदळत उतरले, आणि मग दाराखालून धूर आला. लिफ्ट बंद. खिडकीची काच उघडत नाही. तुम्हाला फोन लावला, तर तुमचा मोबाईल इथेच तुमच्या टेबलावर वाजतोय. सामान सोडून उतरायचं, हा नियम तुमचाच ना!

आत्ता काचेवर दोन्ही हात आपटले. तुम्ही वर पाहिलंत, हसलात आणि हात हलवलात.

तुमच्या हिशेबी खाली पोहोचलेली,
चौथ्या मजल्यावरची टायपिस्ट