शिट्टी मीच वाजवली

प्रिय लेका,

परवा फोनवर तू मला एकही वाक्य पुरं करू दिलं नाहीस. 'आई, ऐक ना, आई, ऐक ना' म्हणत तूच बोलत राहिलास. कागदावर कुणाला मध्ये तोंड घालता येत नाही, म्हणून लिहायला बसले आहे. तुझ्या बाबांनी आत टीव्हीचा आवाज बारीक केलाय, म्हणजे कान इकडे आहेत. असू देत. त्यांच्यापासून लपवण्यासारखं यात काही नाही आणि तुझ्यापासूनही नाही.

तू नोकरीसाठी गेलास त्यानंतरच आपल्या भागात घरफोड्या सुरू झाल्या. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याचं शटर उचकटलं, समोरच्या आजींच्या घरात भरदुपारी माणूस शिरला. तेव्हा चौकीतल्या नव्या फौजदारबाई घरोघर फिरल्या आणि त्यांनी आमचं रखवाली पथक उभं केलं. तुझ्याहून चारदोन वर्षांनीच मोठी असेल पोरगी, पण बोलणं सरळ. पहिल्याच बैठकीत तिनं सांगितलं, 'बघायचं, कळवायचं, थांबायचं. अंगाला हात लावायचा नाही.' मला ते लगेच पटलं. आयुष्यभर लोकांना गाडी शिकवली ना मी. मी शेजारणीच्या कानात म्हटलं, आपल्या हाती स्टिअरिंग दिलेलं नाही बरं का, नुसता हॉर्न दिलाय. त्यावर सगळे हसले. कॅप्टन सगळ्यात मोठ्यानं हसला.

कॅप्टनला नावं ठेवायला मी हे लिहीत नाहीये. व्हॉलीबॉलच्या टीमचा कॅप्टन होता तो, ते नाव अजून मिरवतोय, आणि हौसेनं का होईना, राबतो. हार्डवेअरचं दुकान नोकरावर सोडून सगळ्यांच्या फेऱ्या लावायचा. पलीकडच्या इमारतीत धूर झाला तेव्हा तिथल्या म्हाताऱ्या शिक्षकांना पाठीवर घेऊन जिना उतरणारा तोच. रविवारी चौकीत चहा पिताना तिथले मोठे साहेब त्याच्या पाठीवर थाप मारायचे, आणि त्या दोघांचा फोटो अजून चौकीच्या भिंतीवर आहे. चोऱ्या खरंच थांबल्या. पण चोऱ्या थांबल्या तशी आमच्यातल्या काहींना करमेनासं झालं. कॅप्टनच्या हातात आधी टॉर्च असायची, मग टॉर्चबरोबर काठी आली. मी एकदा विचारलं तर म्हणाला, 'कुत्र्यांसाठी आहे वहिनी.'

त्या दिवशी शेवटच्या शिकाऊ बाईंना घरी सोडून मी परत येत होते. रस्त्यावरचे दिवे नुकते लागत होते. एक माणूस कापडी पिशवी घेऊन उभ्या गाड्यांखाली वाकून बघत होता, मग कुंपणाच्या भिंतीवर टाचा उंचावून आत बघायचा. पथकाच्या फोनवरच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलं की संशयित आहे, पिशवीत हत्यार असेल. पोलिसांना कुणी कळवलं नाही. मी वळणावर पोचले तोवर कॅप्टन आणि त्याची दोन माणसं त्याला घेरून उभी होती. तो सांगत होता की मांजर हरवलीय, नाल्यापलीकडे राहतो, दुपारपासून शोधतोय. कॅप्टन म्हणाला, 'मांजर कशाला, पूर्ण सर्कस शोध की.' मग काठी उठली. मी पाहिली, लेका. पहिला फटका खांद्यावर बसला. दुसरा त्यानं डोकं वाचवायला वर केलेल्या हातावर बसला, आणि तो आवाज मी गाडीच्या काचेतूनसुद्धा ऐकला.

गाडी रस्त्यात आडवी टाकून मी उतरले आणि पथकाची शिट्टी वाजवली. धाप लागेपर्यंत वाजवली. सगळ्या गॅलऱ्यांत माणसं आली. मग त्या माणसाच्या आणि काठीच्या मध्ये उभी राहून चौकीला फोन लावला. कॅप्टन म्हणाला, 'वहिनी, बाजूला व्हा, हा आपल्यातला नाही.' मी म्हटलं, 'नसू दे. तो आता पोलिसांच्या ताब्यातला आहे आणि पोलीस येईपर्यंत माझ्या. काठी खाली ठेवा.' काठी खाली गेली. फौजदारबाई आल्या, त्यांनी त्याला स्वतः धरून जीपमध्ये बसवलं आणि मी मागोमाग दवाखान्यात गेले. पिशवीत एक वाटी होती आणि स्वेटरचा तुकडा, मांजर ज्यावर झोपायची तो. तो माणूस फरश्या बसवतो. उजवं कोपर मोडलंय. डॉक्टर म्हणतात, हात पूर्ण सरळ होईल याची खात्री नाही.

दुसऱ्या दिवशी मोठ्या साहेबांनी मला चौकीत बोलावलं. खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाले, 'ताई, आपलीच माणसं आहेत. इतकं चांगलं काम झालंय, त्याला गालबोट नको. गैरसमजातून झालं असं लिहू.' फौजदारबाई बाजूलाच उभ्या होत्या. मला वाटलं, आता ही मान खाली घालणार. ती म्हणाली, 'साहेब, यांचा जबाब मी घेते, त्या सांगतील तसाच.' साहेबांच्या डोळ्याला डोळा भिडवून म्हणाली. तिची बदली होईल असं ऐकते. मी तिला तसं बोलून दाखवलं तर म्हणाली, 'काकू, लोकांना बरोबर घ्या असं आम्हाला शिकवतात. लोकांना पाठीशी घाला असं नाही शिकवलेलं.' पोलिसांना मदत करायची म्हणजे काय, ते मला त्या दिवशी नीट कळलं. एकमेकांची पापं झाकायची नसतात, एवढंच.

मला ग्रुपवरून काढलं. गाडी शिकणाऱ्या तिघी येईनाशा झाल्या. ड्रायव्हिंग स्कूलच्या पाटीवर कुणी डांबर फासलंय. ते मी पुसलेलं नाही. ज्यांनी फासलं त्यांनाच येताजाता बघू दे. तुझ्या बाबांनी आधी 'कशाला नसती उठाठेव' केलं. मग कॅप्टनबरोबरचं सकाळचं फिरणं आपणहून बंद केलं आणि आता एकटेच उलट्या दिशेनं फिरायला जातात. आणि मी फेरी सोडलेली नाही. पथकाचं तेच नारंगी जाकीट, तीच शिट्टी. पहिले काही दिवस एकटी होते, लोक खिडक्या लावून घ्यायचे. मग औषधवाला बरोबर आला. पथक कुणा एकाच्या मालकीचं नाही. ते ज्यांनी बिघडवलं त्यांनी जावं, मी का जाऊ?

आणि मग तुझा फोन आला. 'अंधार होता, नीट दिसलं नाही, एवढंच कोर्टात सांग.' कॅप्टनला, तुझ्या होणाऱ्या सासऱ्याला, वाचव, असं तू म्हणाला नाहीस, पण अर्थ तोच होता. तुझं त्याच्या मुलीवर किती प्रेम आहे हे मला ठाऊक नाही का? ती या घरात यावी म्हणून तुझ्यापेक्षा मीच जास्त आतुर आहे. तरीही सांगते, दिवे लागले होते आणि मला स्वच्छ दिसलं. तू हजार वेळा सांगितलंस तरी मी अंधार होता म्हणणार नाही. मी खोटं बोलले आणि त्यावर तुझं लग्न उभं राहिलं, तर तुझ्या लग्नात मी कुठल्या तोंडानं उभी राहू? रागव, फोन उचलू नकोस, सणकून भांड. मी बधणार नाही.

आता जे सांगण्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते सांगते. काल संध्याकाळी तुझी ती आली होती. चप्पलही न काढता दारातच उभी राहिली. त्या दिवशी ती गॅलरीत होती, पहिल्या फटक्यापासून. दातांच्या दवाखान्यातल्या कामावरून सुटल्यावर एकटी चौकीत गेली आणि फौजदारबाईंकडे जबाब देऊन आली. आधी बापाला तोंडावर सांगून गेली, लपूनछपून नाही. घरात तिच्याशी कुणी बोलत नाही. मी तिला म्हटलं, माझा जबाब पुरेसा आहे, तू कशाला पोळून घेतेस? तर म्हणाली, 'काकू, तुमचं एकटीचं ऐकलं तर म्हणतील वैर आहे. माझं ऐकलं तर काय म्हणतील?' सोमवारी मॅजिस्ट्रेटपुढे जबाब द्यायला आम्ही दोघी बरोबर कोर्टात जाणार आहोत. तुला फोन कर म्हटलं तर ऐकेना. म्हणाली, 'तो मला समजावत बसेल आणि मी रडेन. मला रडायचं नाहीये. तुम्हीच लिहा, आणि एवढंच विचारा, सोमवारी तो आमच्याबरोबर येतोय का.' तर विचारलं. उत्तर मला देऊ नकोस, तिला दे.

तुझीच, न बधणारी,
आई