बंदूक घरी न आणण्याबाबत

मी, दिनानाथ बळीराम शिरधनकर, वय ६७, पोलीस शस्त्रागारातला निवृत्त हवालदार, राहणार माणिकपूर, ता. वसई, जि. ठाणे, पूर्ण शुद्धीवर असताना, कोणी भरीस न घालता, स्वतःच्या अक्षरात हे लिहून ठेवतो. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. डोके ठिकाणावर आहे, गुडघे नाहीत.

१. राहता फ्लॅट व बँकेतली ठेव मुलगी उन्नती हिला. ती बडोद्याला असते. दर रविवारी फोन करून "बरे आहात ना?" विचारते. "ना" लावून विचारल्यावर माणूस दुसरे काय उत्तर देणार? तक्रार नाही. पण पत्नी सत्यवती गेल्यापासून या घरात फक्त रेडिओ बोलतो, आणि मला फार एकटे वाटते.

२. पुतण्या जितेश याचा माझ्या बंदुकीवर डोळा आहे. खांद्यावर घेऊन फोटो काढायचा आहे म्हणे. त्याला माझे घड्याळ द्यावे, निदान कामावर वेळेवर जाईल. बंदूक परवान्यासह सरकारजमा करावी.

३. दुरुस्तीची अवजारे, नळी सफाईच्या सळया आणि वर्गाची वही सिद्धेश घरत याला. निवृत्तीनंतर मी दर शनिवारी बँकांच्या रखवालदारांना आणि वाडीच्या राखणीसाठी परवाना काढलेल्या शेतकऱ्यांना बंदूक जपून हाताळायला शिकवले. सिद्धेश तिथेच तयार झाला. वहीत चार नियम आहेत: नळी माणसाकडे नको, बोट चापावर नको, काडतुसे वेगळ्या कुलपात, बंदूक रिकामी आहे असे धरून चालू नये. या नियमांचा मला गर्व होता. बंदूक ज्याच्या हातात, त्याच्या मनाबद्दल त्यांत एक अक्षर नव्हते.

४. प्लासिड तुस्कानो हा माझा पहिला विद्यार्थी, पुढे मित्र. गेल्या वर्षी लोकसभेच्या निवडणुकीत रिवाजाप्रमाणे सगळ्यांच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा झाल्या. त्याआधी दोन महिने त्याची बायको रेजिना वारली होती. निकालानंतर तो माझ्याकडे आला.

"हवालदार, माझी बंदूक तिथंच राहू दे ना. घरी आनून काय करू?"

मला वाटले, आळस करतो आहे. मी म्हणालो, "परवाना तुझा, जबाबदारी तुझी. चल, मीच येतो." स्कूटरवर बसवून नेले, बंदूक सोडवली, नळी तपासून त्याच्या हातात दिली. नऊ दिवसांनी त्याच बंदुकीने त्याने जीव दिला. चारही नियम मी पाळले होते.

दफनविधीनंतर त्याची मुलगी फ्लॉसी हिने विचारले, "अंकल, पप्पांनी तुम्हाला काही विचारलं होतं का?" मी म्हणालो, "नाही गं." ते खोटे होते.

५. सिद्धेशने यापुढे पाचवा धडा आधी शिकवावा. घरात कोणी खचले असेल, तर बंदूक पोलीस ठाण्यात किंवा बंदुकीच्या परवानाधारक दुकानात ठेवावी. वाईट काळ टळतो, तोवर ती हाताशी नसावी. बंदूक नको म्हणणाऱ्याला कायदा ऐकवू नये. "जिवाचे बरेवाईट करावे असे मनात येते का?" हे "ना" न लावता, सरळ विचारावे. विचारल्याने कोणाच्या डोक्यात नसते ते शिरत नाही. मग त्याला एकटे न सोडता डॉक्टरकडे न्यावे. विधानसभेच्या वेळी जमा केलेली माझी बंदूक मीही परत आणलेली नाही. डॉक्टरीणबाईंनी मला सरळ विचारले, मीही सरळ सांगितले. औषध चालू आहे, उतार आहे.

६. वकील म्हणतात, ज्याला काही मिळते त्याने साक्ष घालू नये. साक्ष फ्लॉसीने घालावी अशी माझी इच्छा आहे, म्हणून तिला मी काहीही ठेवलेले नाही. साक्षीदाराने आतला मजकूर वाचलाच पाहिजे असेही नाही. तिने मात्र वाचावा, आणि मी जिवंत असताना वाचावा. तोंडाने सांगायची हिंमत सात महिन्यांत झाली नाही. वाचून सही करावीशी वाटली नाही, तर कागद तसाच परत करावा. मी दुसरा साक्षीदार शोधीन.

माणिकपूर, २२ जानेवारी २००५
(सही) दि. ब. शिरधनकर

साक्षीदार:
१. (सही) डॉ. आशालता नाईक
२. (सही) फ्लॉसी प्लासिड तुस्कानो

वाचून सही केली. पप्पांनी बंदुकीचं आधी मलाच विचारलं होतं. मी म्हटलं, हवालदार अंकलना विचारा. उद्या घरी या. — फ्लॉसी