कमी देखभालीचा प्राणी

तीर्थस्वरूप दादास,

साष्टांग नमस्कार. (हा कागदावरचाच समजावा. प्रत्यक्ष साष्टांग घालायला मी जमिनीवर आडवा झालो की आमच्या पाळणाघरातली मुलं पाठीवर चढून बसतात, आणि नमस्कार संपला तरी मला उठता येत नाही.) तुझी तब्येत कशी आहे? खुब्याच्या ऑपरेशनचे टाके सुकले का? जिना चढतोस, की अजून खालच्याच खोलीत झोपतोस? वहिनी गेल्यापासून तू स्वतःबद्दल ‘ठीक’ या एका शब्दापलीकडे काही कळवत नाहीस, म्हणून खोदून खोदून विचारतो. आमच्याकडे सगळं ठीक आहे. म्हणजे तुझ्यासारखं ठीक नव्हे, खरोखरचं ठीक.

तुझं पत्र पोचलं. इकडे राहायला येणार नाहीस हे तू शिंप्याला शोभेल असं, मापात कापून लिहिलं आहेस. तुला वाकता येत नाही, बुटाच्या नाड्यासुद्धा शेजाऱ्याला हाक मारून बांधून घ्याव्या लागतात, आलास तर आम्हाला तुझं सगळं करावं लागेल, आणि आमच्या घरात आधीच सात मुलं आहेत. वाचून माझं डोकं फिरलं आणि मी लगेच उत्तर लिहायला बसलो, पण हिने माझ्या हातातलं पेन काढून घेतलं. आग्रह केला की तू आणखी ताठ होतोस (आणि आता तर डॉक्टरांनीच तुला ताठ राहायला सांगितलंय), तेव्हा पत्रात ‘ये’ म्हणून लिहायचं नाही, अशी तिने मला ताकीद दिली. मी कबूल झालो. तो विषय बंद. त्याऐवजी आमच्याकडच्या प्राण्यांची हकीकत कळवतो, तिला तरी तुझी हरकत नसावी.

झालं असं की आमच्या मुलांपैकी एकाची आई दातांची डॉक्टर आहे, ती एके सकाळी मुलाला सोडायला आली तेव्हा म्हणाली की मुलांना थोडा निसर्ग दिसायला हवा. आमच्या पुढच्या खोलीच्या खिडकीतून समोरच्या इमारतीचं गच्चीवरचं पाण्याचं टाकं दिसतं, एवढाच निसर्ग. हिला ते पटलं. तू तुझ्या भावजयीला ओळखतोसच. तिला एखादी गोष्ट पटली की ती दुपारी मुलं झोपायच्या आत मार्गाला लागते. तिने मला सांगितलं की मुलांसाठी एखादा प्राणी बघा, पण ज्याचं फार काही करावं लागणार नाही असा. तिचे दोन्ही हात मुलांतच गुंतलेले असतात. आता ‘देखभाल’ या शब्दावर या घरात अधिकार कुणाचा? जन्मभर मी लिफ्ट दुरुस्त केल्या. मुलं मला लिफ्टकाकाच म्हणतात. मी ते काम अंगावर घेतलं.

मी एकेक प्राणी तपासून बाद करत गेलो. कुत्रा भुंकतो, आणि इथे सात मुलं एकाच वेळी झोपण्याचा योग आधीच दुर्मीळ. मांजर मुलांच्या गाद्यांवर मुलांपेक्षा जास्त झोपेल, आणि मुलं तिला जागं करण्यासाठी जागी राहतील. ससा वायरी कुरतडतो, तेव्हा त्याच्याशी माझं धंद्यामुळेच वैर. पोपटाचा विचार मी दोन दिवस केला, पण तो रडणं शिकला तर मुलं घरी गेल्यावरही आम्ही दोघं धावतच राहणार. अशा रीतीने मी मासा आणला. दुकानदार म्हणाला, चिमूटभर खाणं टाकायचं, बाकी त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही. हे मला मनापासून पटलं नाही. ज्या यंत्राकडे बघायचं नाही ते यंत्र कधी ना कधी दोन मजल्यांच्या मध्ये अडकतं, हा माझा अनुभव. मी रोज सकाळी सगळं पाणी बदलायचो, तळातले खडे ब्रशने घासायचो, काच आतून-बाहेरून पुसायचो. आठवड्याभरात मासा फिका पडला आणि कोपऱ्यात तोंड घालून बसू लागला. दुकानात नेला तेव्हा कळलं की सगळंच्या सगळं पाणी रोज बदललं की माशाला ते सोसत नाही. म्हणजे घाणीने नाही, माझ्या स्वच्छतेने तो आजारी पडला होता. दुकानदाराने तो परत घेतला. आता बरा आहे. मी दुकानावरून जाताना काचेतून डोकावतो, तर तो मला ओळखतो आणि मागे सरकतो. आणि एक गंमत सांगतो, मासा गेल्याचं मुलांपैकी एकानेही विचारलं नाही.

मग हिने स्वतः एक बेत काढला. काचेच्या बरणीत खाली काळी माती, वर पांढरी वाळू, त्यावर लाल माती, पुन्हा वाळू, अशा पट्ट्या रचल्या. (काय सुरेख दिसत होती बरणी. माझी बायको म्हणून सांगत नाही, तू पाहिली असतीस तर तशा काठांचं कापड मागितलं असतंस.) त्यात चार गांडुळं सोडली, वर थोडा ओला पाला घातला आणि बरणीभोवती काळा कागद गुंडाळला, कारण गांडुळांना उजेड खपत नाही. रोज सकाळी कागद काढायचा, मुलांनी बघायचं, पुन्हा गुंडाळायचा. पण आठवडे गेले तरी बरणीत काही म्हणता काही घडेना. मुलांत एक आहे, त्याला आम्ही वकीलसाहेब म्हणतो, कारण तो पुराव्याशिवाय दूधही पीत नाही. आत गांडुळं आहेतच कशावरून, असं त्याने विचारायला सुरुवात केली. हीसुद्धा बुचकळ्यात पडली. शेवटी एका रविवारी तिने मला स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी पकडलं. मी चहाच्या गाळणीने वाळू आणि माती वेगळी करत होतो. दादा, दर शनिवारी मी बरणी बघायचो तर पट्ट्या कडेकडेने विस्कटायला लागलेल्या दिसायच्या, आणि मी दर रविवारी त्या पुन्हा नीट लावून ठेवायचो. गांडुळं माती खालीवर करतात हेच मुलांना दाखवायचं होतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. चार गांडुळं आठवडाभर राबायची आणि मी त्यांचं केलेलं काम निस्तरायचो. दुसऱ्या कुणी माझी सालटी काढली असती. ही हसत हसत मुलांच्या बुटक्या खुर्चीत बसली आणि तिथून तिला उठता येईना. या बाईबरोबर माझा संसार का टिकला, याचं उत्तर मला त्या खुर्चीकडे बघून मिळालं.

तर आता गोगलगायी. आमच्याकडे मुलांना फिरायला नेण्याची एक रीत आहे. एक लांब दोरी आहे, तिला अंतराअंतरावर कड्या बांधल्या आहेत (गाठी माझ्या आहेत, त्यांवर लिफ्ट लोंबकळेल), आणि प्रत्येक मुलाने आपापली कडी धरून चालायचं. सगळ्यात हळू चालणारं मूल सगळ्यात पुढे, हा हिचा नियम, म्हणजे कुणी मागे राहत नाही. पुढे असते ती पुटपुटी. ही मुलगी कुणाशी बोलत नाही, स्वतःशीच काहीतरी पुटपुटते आणि प्रत्येक दगडापाशी थांबते. त्यामुळे आमची वरात दारापासून लाँड्रीपर्यंत, म्हणजे मी विडी ओढून संपायच्या आत जातो तेवढं अंतर, जायला सगळी सकाळ घेते. लाँड्रीच्या मागच्या भिंतीवर वाफेचा नळ ठिबकतो, तिथे पुटपुटी थांबली आणि सगळी दोरी थांबली. भिंतीवर पाच गोगलगायी होत्या. लाँड्रीवाल्याने एक जुना काचेचा डबा दिला आणि आम्ही त्या घरी आणल्या. माझ्या दृष्टीने हा प्राणी सर्वोत्तम होता: आवाज नाही, पळापळ नाही, वायर खात नाही.

घरी आल्यावर मी रीतसर तपासणी केली, तर एकीच्या शंखाचा काठ फुटलेला, चांगलं भोक पडलेलं. बिघडलेला भाग बदलायचा, हे माझ्या हातात इतकं मुरलंय की मी तिला उचलून परत भिंतीवर सोडायला निघालो. तिथून एक धडधाकट आणली असती, काम झालं. पुटपुटी दारात आडवी उभी राहिली. जागची हलेचना. मग वकीलसाहेब येऊन तिच्या शेजारी उभे राहिले, आणि मागून बाकीचे. हिने मला डोळ्यांनीच सांगितलं की गोगलगाय खाली ठेवा. त्या भोकामुळे मुलांनी तिचं नाव खिडकी ठेवलं.

आणि मग दादा, आमच्या घरात जे सुरू झालं ते बघायला तू हवा होतास. हिने मुलांना सांगितलं की गोगलगायीला चुना मिळाला की ती आपला शंख आपणच भरून काढते, आणि चुना असतो अंड्याच्या टरफलात. दुसऱ्या दिवसापासून मुलं घरून टरफलं घेऊन येऊ लागली. (दातांची डॉक्टर येऊन कुरकुरली की तिचा मुलगा आता रोज अंडं करायला लावतो, खात नाही, टरफलासाठी शेजारी उभा राहतो.) एकाने टरफलं कुटायची, एकाने काकडीची चकती ठेवायची, एकाने पाणी शिंपडायचं, एकाने डबा पुसायचा, आणि सगळ्यांनी नंतर साबणाने हात धुवायचे. पुटपुटीकडे काम होतं खिडकीशी बोलायचं. ते तिने स्वतःच घेतलं होतं. महिनाभराने भोकावर आधी कागदासारखा पातळ पापुद्रा आला, मग तो घट्ट होत गेला. ज्या सकाळी तो नीट दिसला, त्या सकाळी पुटपुटी माझी बाही ओढून मोठ्याने म्हणाली, “काका, खिडकी बंद झाली.” तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. मी उगाच डब्याचं झाकण तपासत बसलो.

झाकण तपासलं तेव्हा आणखी एक गोष्ट लक्षात आली. झाकण एका बाजूने वर उचललेलं होतं आणि बाकीच्या चार गोगलगायी, धडधाकट, एकही ओरखडा नसलेल्या, केव्हाच निघून गेल्या होत्या. कधी गेल्या, कुणाला पत्ता नाही. मी गंभीर चेहऱ्याने मुलांना ही बातमी दिली. खिडकी आहे ना, एवढंच वकीलसाहेबांनी विचारलं आणि ते पुन्हा टरफलं कुटायला लागले.

संध्याकाळी मुलं गेल्यावर मी हिला म्हटलं की तू मागितलास तसा प्राणी मला काही आणता आला नाही. मासा गेला, गांडुळं माझ्यामुळे हैराण झाली, आणि ही खिडकी तर सातही मुलांना दिवसभर कामाला लावते. ती गाद्या गुंडाळत होती. थांबली, आणि म्हणाली, “अहो, मी तुम्हाला कामच चुकीचं सांगितलं. ज्याचं काही करावंच लागत नाही, त्याच्यावर मुलांनी जीव लावायचा तरी कुठून?” तुझं पत्र फडताळावर पडलं होतं, त्याच्याकडे ती बघत राहिली. मग तिनेच पेन आणून माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, दादांना गोगलगायीचं कळवा, दुसरं काही नको.

म्हणून कळवलं. दुसरं काही नाही. औषधं वेळेवर घे, काठी हाताशी ठेव, आणि ‘ठीक’ सोडून एखादा शब्द लिहीत जा. हिचा तुला नमस्कार, मुलांचा गोंगाट.

तुझा धाकटा

ता. क. हिने पत्र वाचलं आणि ताकीद पाळल्याबद्दल मला शाबासकी दिली. पण ताकीद पत्रापुरती होती, ताज्या कलमापुरती नव्हती. म्हणून इथे लिहितो: दादा, ये. तुझं सगळं करावं लागेल, हे आम्हाला कळलंय. तेवढ्यासाठीच ये.

दुसरा ता. क. दोरीला मी आणखी एक कडी बांधली आहे. ती बाकीच्यांपेक्षा बरीच उंच लोंबते, तुझ्या हाताच्या मापाने. जागा सगळ्यात पुढे, पुटपुटीच्याही आधी. डॉक्टरांनी तुला किती हळू चालायला सांगितलंय हे हिने मुलांना सांगितलं, तर मुलं हरखून गेली. खिडकीनंतर इतकं हळू चालणारं त्यांना कुणी भेटलेलं नाही.

तिसरा ता. क. मुख्य काम राहिलंच. एक आजोबा आहेत, त्यांच्या नाड्या कुणीतरी बांधाव्या लागतात, हेही हिने सांगून टाकलं. तेव्हापासून तुझा उजवा पाय कुणाचा आणि डावा कुणाचा यावर रोज भांडणं होतात, आणि सराव चालतो माझ्या बुटांवर, तेही बूट माझ्या पायात असताना. सात मुलांच्या गाठी एकावर एक बसल्या की मलासुद्धा सुटत नाहीत. काल रात्री मी बूट घालूनच झोपलो. आमच्या घरातली कात्री मुलांची आहे, तिने कागदही धड कापला जात नाही. तुझी ती कापड बेतायची मोठी कात्री हवी आहे. पोस्टाने पाठवू नकोस; मी जाऊन चौकशी केली, धारदार वस्तू ते घेत नाहीत. तुलाच घेऊन यावी लागेल.