भट्टीत घरचं काही

छत्रपती संभाजीनगर
शनिवार, ७ डिसेंबर २०२४

तीर्थरूप अण्णा,

पाया पडते. मी बरी आहे. खोलीवर थंडी फार आहे, पण आईने दिलेली गोधडी पुरते. ज्वारीचं पीठ संपत आलंय, तरी पाठवू नका, पुढच्या रविवारी मीच येणार आहे. आईचा गुडघा कसा आहे? पप्पूने परीक्षेचा अर्ज भरला का?

तुम्ही म्हणाल, फोन असताना पत्र कशाला. फोनवर तुम्ही "बरी हायेस ना" एवढं विचारता आणि फोन आईच्या हातात देता. आपला मिथुन टेम्पो घेऊन जालन्याला येतोय, त्याच्याकडे हे देते आहे. शेडमध्ये नको, घरी बसून वाचा.

तुम्ही ओतून पाठवलेला, गाडीचं चाक धरून ठेवणारा आर्म कंपनीत सगळ्यांना आवडला. आमच्या चाचणी विभागाचे प्रमुख सोमेश्वर सर तो हातात फिरवून म्हणाले, वाळूच्या साच्यातलं इतकं साफ काम फार दिवसांनी बघितलं. तो माझ्या वडिलांच्या भट्टीतला आहे हे त्यांना मी आधीच सांगितलं होतं, त्यामुळे मला उघडपणे हसता आलं.

शेजारी दुसरा आर्म होता, बिलेटमधून कोरलेला. जालन्यात बिलेट म्हटलं की लोखंडाची कांब. आमच्याकडे तो दाबून घट्ट केलेला अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा. मशीन त्याला कोरत जाते, आर्म उरतो आणि बाकीचा सगळा कीस. मागे हे सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, "एका लाटण्यापायी अख्खी बाभळ तासायची. शिकलेल्या लोकायचं असंच राह्यतं." मी भांडले नाही. तुमचं बरंचसं खरंच होतं.

मंगळवारी दोन्ही आर्म चाचणीच्या मशीनवर लावले. गाडी खड्ड्यांतून जावी तसे हिसके ती देत राहते.

तुमचा आर्म तुटला, अण्णा. फार लवकर तुटला.

तुटलेल्या तोंडावर बारीक भोकं होती, धिरड्याला पडतात तशी. साचा बरोबर होता, तुम्ही आणलेला धातूही चांगला होता. मला कारण सापडेना. मग आईचा फोन आला. हसत हसत तक्रार करत होती, "तुझ्या अण्णानं माझं दुधाचं जर्मनचं भगुनं नेऊन भट्टीत टाकलं. म्हणे पोरीच्या कंपनीचं पहिलं काम हाय, घरचं काही पडाय पाह्यजे."

मी हसले आणि मग हसू थांबलं.

तुम्हाला हे काम शिकवणारे महेबूबचाचा म्हणायचे ना, "घर का कुछ डाले बगैर भट्टी अपनी नहीं होती, रामराव." त्यांनी स्वतः अम्मीची परात टाकली होती. माझा शाळेचा डबासुद्धा असाच कुठल्यातरी मोटारीच्या झाकणात गेला. झाकणांना ते चाललं, त्यांना फक्त धूळ अडवायची असते. पण भगुन्याचं अ‍ॅल्युमिनियम मऊ जातीचं, आणि त्याच्या कडेत वर्षानुवर्षांचं दूध, तूप, काजळी बसलेली. वितळताना ते सगळं वायू सोडतं आणि तो वायू आत अडकून राहतो. ती भोकं त्याचीच.

सर म्हणाले, "दैवशाला, हवं तर या अहवालावर मी सही करतो. तुम्ही बाजूला राहा." त्यांनी चांगल्या मनानेच म्हटलं होतं. मी नको म्हणाले. त्या आर्मवर पुढचं चाक असतं आणि त्या चाकाच्या भरवशावर कुणाचं तरी अख्खं घर. भोकरदनच्या रस्त्याने कुणीतरी आपल्या लेकीला कॉलेजात सोडायला निघालेलं असेल, तुम्ही मला सोडायचात तसं.

सही मी केली. ओतीव आर्म नापास, बिलेटचा टिकला, तोच घ्यावा, असं लिहिलं. सोमवारी कंपनीचा मेल पप्पूच्या मोबाईलवर येईल. तो शेडमध्ये सगळ्यांपुढे वाचून दाखवेल, त्याआधी तुम्हाला हे माझ्याकडून कळावं म्हणून लिहायला बसले, आणि बघा, गोधडी आणि पिठाच्या गप्पा मारत बसले.

त्याच अहवालात मी आणखी एक लिहिलंय. इंजिनाच्या पाण्याच्या पंपाला जे घर असतं, त्याच्या आत वाकडेतिकडे मार्ग असतात. ते कोरायला गेलं तर बाभळीचं रानही पुरायचं नाही. ते ओतूनच करावं. सर तुमचा नमुना तपासायला तयार आहेत. पास होईलच असं मी म्हणत नाही. पण भट्टीत फक्त नव्या धातूच्या विटा, कोरड्या, आधी तापवून घेतलेल्या. घरचं काही नाही. हे शेवटचं वाक्य तुम्हाला नापास होण्यापेक्षा जास्त लागेल, मला ठाऊक आहे.

तुटलेले दोन्ही तुकडे एरवी भंगारात जातात. मी ते सरांकडून मागून घेतलेत, येताना आणते. ते वेगळे वितळवा आणि आपल्या घराच्या दाराला मूठ ओता. मुठीला चाक पेलायचं नसतं, तिला भोकं चालतात. आई रोज दार उघडेल तेव्हा तिचं भगुनं तिच्या हाताला लागेल.

आणि पंपाच्या घराची पहिली ओत असेल त्या दिवशी मला बोलवा. मी रजा काढून येईन, भट्टीपाशी उभी राहीन. घरचं काही हवंच असेल, तर मी आहे.

तुमच्या कामावर सही करणारी, तुमचीच
दैवशाला