आपल्या घरची भुलाबाई

माय, तुझ्याशी एका संध्याकाळबद्दल बोलायचं राहून गेलं आहे. तू म्हणशील, एवढ्या वर्षांनी काऊन उकरून काढते? काढते. तू गेलीस त्या वयाहून आता मी म्हातारी आहे, तेव्हा माझं थोडं ऐकून घे.

पंचावन्न-छप्पन साल असेल. आपण तेव्हा मध्य प्रदेशात होतो की मुंबई राज्यात गेलो होतो, देव जाणे. सिंदी स्टेशनच्या क्वार्टरांत आपण नवे होतो, एवढं मात्र पक्कं आठवतं. बाबा रुळांचे सांधे बदलायचे. तू आर्वीपलीकडच्या जंगलपट्टीतल्या गावची, म्हणून ओळीतल्या बाया तुझ्याशी तोंडापुरतं बोलायच्या. एक भिंतीपलीकडची मावशी सोडून. तिचा नवरा रेल्वेत गँगमन होता. तुम्ही दोघी भिंतीच्या दोन बाजूंनी भाकरी थापत बोलायच्या, मालगाडी आली की थांबायच्या, आणि गाडी गेली की त्याच शब्दापासून पुढं सुरू. तू तिच्याशी बोलताना जी खदाखदा हसायचीस, तशी बाबांपुढं किंवा आम्हा लेकरांपुढं कधी हसली नाहीस.

भुलाबाईचे दिवस आले. रोज संध्याकाळी एकेका घरी आम्ही पोट्ट्या जमायचो, मातीच्या भुलाबाई-भुलोजीपुढं गाणी म्हणायचो, आणि गाणी संपली की घरची बाई झाकलेला डबा हलवून विचारायची, आत काय आहे? ओळखल्याशिवाय खाऊ मिळायचा नाही. स्टेशनमास्तरांच्या घरी सगळं शिस्तीत. पाय पुसा, रांगेत बसा, सांडू नका, आणि खाऊ म्हणजे ठरलेलं खोबरं-साखर. आपली पाळी ठरली तेव्हा तू म्हणालीस, "आपल्या घरी कोनी अवघडून बसाचं नाई. पाय पसरा, लोळा, हसा. अन् खाऊ असा करतो का साऱ्या पोट्ट्या हरल्या पाह्यजे." जी चुकेल तिनं उठून ओळीतल्या कोणाची तरी नक्कल करायची, हा कायदाही तुझाच. बाया येतील त्यांनाही लागू! आठ दिवस तुझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. तुझ्या घरी पहिल्यांदा कोणी येणार होतं न.

माहेरून आणलेली वाळली मोहफुलं तू भाजलीस आणि मावशीच्या उखळात तिळासोबत कुटलीस. तू थकलीस की मुसळ ती घ्यायची. लाडू डब्यात वाजू नयेत म्हणून तू एकेक लाडू जुन्या लुगड्याच्या धुतलेल्या चिंधीत गुंडाळला. "आता कितीबी हालवा म्हना!" मावशी म्हणाली, "मास्तरीनबाई बी हरते पाह्य." तुम्हा दोघींखेरीज हे गुपित फक्त मला ठाऊक होतं, आणि मला तू तोंडावर बोट ठेवून बजावलं होतंस.

मी दुसऱ्याच दिवशी शाळेच्या वाटेवर स्टेशनमास्तरांच्या पोरीला सांगून टाकलं. अकरा वर्षांची होते, पण अक्कल नव्हती असं म्हणणार नाही. आमच्या ओळीत मोह म्हणजे एकच, दारू. डबा उघडला की या खिदळणार हे मला दिसत होतं. मग आपणच आधी हसून घ्यावं म्हणून मी म्हटलं, "माही माय जंगलातली हाय न, तिले असंच करता येते." आणि खरं सांगू? भीती निम्मीच होती. बाकी मला भाव खायचा होता. त्या दिवशी ती पहिल्यांदा माझ्या खांद्यावर हात टाकून चालली. तेवढ्यासाठी मी तुला विकलं, माय. दुसरा शब्द मला सापडत नाही.

आता तुझी ती संध्याकाळ. तू दोन सतरंज्या आणि बाबांचं घोंगडं अंथरलं आहेस. पोट्ट्या भिंतीला टेकून पाय पसरून बसल्या आहेत, कुणी कुणाच्या मांडीवर डोकं टाकलंय. मास्तरीणबाई दारातच थबकतात, तर तू त्यांचा हात धरून त्यांना खाली बसवतेस आणि त्या चक्क हसतात. एका लहानग्या पोट्टीच्या हातून पाण्याचा गडवा लवंडतो. "सांडू दे व माय, जमीनच हाय," तू म्हणतेस. गाणी भराभर होतात, कारण सगळ्यांना डब्याची घाई. मावशी चुलीजवळून बघते आहे, आणि तू डबा दोन्ही हातांनी वर धरतेस. हलवतेस. आवाज नाही. "वळखा!"

"मोहाचे लाडू!" मास्तरांची पोरगी म्हणाली. डबा अजून तुझ्या हातात वरच होता.

कोणीतरी म्हणालं, "आता चढन सगळ्याइले," आणि सगळ्या फिदीफिदी हसल्या. मीही हसले. तूही हसलीस, पण उशिरा. नक्कल करायला कोणी उठायचा प्रश्नच राहिला नाही. लाडू वाटले गेले, दोघी-तिघींनी खाल्ले, बाकीच्यांनी चिंधीसकट ओच्यात टाकले, आणि सगळं घर दहा मिनिटांत रिकामं झालं. एवढी तयारी, आणि दहा मिनिटं!

सकाळी तू मावशीच्या दारात गेलीस. मी तुझ्या मागं होते. "तुलेच ठाऊक होतं," तू म्हणालीस. "सांगाचंच होतं त मले म्हनाचं होतं, मी बुंदी आनली असती." मावशी म्हणाली, "मी कायले सांगू वो बाई?" तू म्हणालीस, "मंग काय भिंतीनं सांगतलं?" तिनं तुझ्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि तोंड मिटून घेतलं. एक शब्द मला बोलायचा होता. तो न बोलता मी मागच्या मागं वळले. पळाले.

त्यानंतर तू आपल्या घरी भुलाबाई बसवलीच नाहीस. पाळी आली की बाजारचे बत्तासे मास्तरांकडं पाठवून द्यायचीस. बाबांची बदली होईस्तोवर सात वर्षं तुम्ही दोघी त्या भिंतीच्या अलीकडं-पलीकडं मुकाट भाकरी थापत राहिलात. आधी मला वाटलं, राग निवेल. मग वाटलं, आता सांगितलं तर जास्त मार बसेल. मग मोठी झाले, लग्न झालं, आणि वाटलं, आता कशाला. माणसाला सबबीचा तोटा नसतो.

तुझ्या तेरवीला मावशी आली. पार वाकली होती. स्वयंपाकघरात बायांची वर्दळ कमी झाल्यावर मी तिला चहा दिला, तर तिनं माझं मनगट धरलं. "मले त्याच सांजी समजलं होतं," म्हणाली. "तू खाली पाहून हसून राह्यलती न, तवाच." मी म्हटलं, मग बोलल्या काऊन नाई? म्हणजे मनात म्हटलं. तीच पुढं म्हणाली, "तुह्या मायनं माह्यावर राग धरला, बरं झालं. परक्यावरचा राग वागवता येते. पोटच्या पोरीले आपली लाज वाटते, हे तिनं कुठं ठेवलं असतं?"

तिची सात वर्षं गेली, तुझी गेली, आणि हिशेब मागायला नव्हती आली ती. तिला फक्त माझ्याकडून होकाराचा एक "हाव" हवा होता. एवढासा शब्द. मी तिच्याकडं पाहिलं आणि म्हटलं, "कोनत्या सांजीचं बोलून राह्यल्या मावशी? मले त काहीच आठवत नाई."

तिनं मनगट सोडलं. "बरं, बाई," म्हणाली आणि चहा प्यायली.

त्यानंतर ती आणखी चार वर्षं होती. सिंदीला, त्याच ओळीमागं घर घेऊन, लेकाजवळ. दर दिवाळीला मी कार्ड घेऊन बसायचे, वर तिचा पत्ता लिहायचे आणि खाली खुशाली कळवून मोकळी व्हायचे. आज मात्र चार पानं झरझर लिहून झाली. ती जिवंत होती, माय, तिनं वाचलं असतं. म्हणून तिला नाही, तुला लिहिलं.