सूर्यमाळच्या घाटात माझी जीप

मंगळवार, संध्याकाळ

आज मोखाड्याहून पहिल्यांदा प्रवासी घेऊन जीप काढली. या रस्त्यावर बाई ड्रायव्हर कुणी पाहिलेली नाही. स्टँडवर रांगेत नंबर माझा, तरी जीप रिकामी. "घाटात बाई चालवणार? नाय रं बाबा," एक जण बोललाच. स्टिअरिंगवर हात घामेजले.

मग सूर्यमाळची एक म्हातारी पाटी घेऊन पुढं येऊन बसली. "दिस बुडायच्या आत घरी पोचव, बाय." तिच्यामागून बाकीचे चढले, तो 'नाय रं बाबा' म्हणणाराही चढला.

अवघड वळणावर समोर ट्रक. जीप मागं घेतली, वाट दिली, पुन्हा चढवली. हात तेव्हा कोरडे होते, कसे कोण जाणे!

उतरताना तोच म्हणाला, "सकाळी मला मोखाड्याला जायचंय. जागा ठेव."

परतताना घाट मोकळा होता, तरी उगीच हॉर्न वाजवत आले.